जैववायूनिर्मितीतील पूर्वप्रक्रिया : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

भारतातील जैववायूचा इतिहास बहुधा संयंत्रांच्या रचनेचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. तरंगती टाकी, स्थिर घुमट, त्यांचा खर्च आणि त्यांची संख्या हे त्याचे प्रमुख विषय राहिले. कच्चा माल टाकीत पडण्यापूर्वी त्यावर कोणते संस्कार होतात, हा प्रश्न दुय्यम मानला गेला. वस्तुतः हा वायू कोणत्या घरापर्यंत पोहोचला आणि कोणते घर वंचित राहिले, याचे उत्तर बऱ्याच अंशी या पूर्वप्रक्रियेत सापडते.

शेणाचे युग

मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठधामात १८९७ मध्ये मैल्यापासून निघणारा वायू गोळा करून वापरण्यात आला. अनेक लेखनांत ही घटना १८५९ मधील असल्याचे नमूद केलेले आढळते. परंतु ते कुष्ठधामच १८९० मध्ये स्थापन झाले असल्याने ते वर्ष ग्राह्य धरता येत नाही. पुढे १९३०च्या दशकाअखेर दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. जशभाई पटेल यांचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र १९५१ मध्ये पुढे आले आणि १९६०च्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला.

शेणासाठी वेगळ्या पूर्वप्रक्रियेची गरज भासली नाही, कारण ती जनावराने आधीच केलेली होती. चर्वण, रवंथ आणि जठरातील सूक्ष्मजीव यांमुळे चारा बारीक, ओला व जीवाणूयुक्त होऊनच बाहेर पडतो. शेतकऱ्याने शेणात तेवढेच पाणी मिसळून शेणकाला करावा आणि त्यातील काड्या वेचून टाकाव्यात, एवढेच काम उरे.

मात्र या सेवेचे मोल जनावर स्वतःच वसूल करते. चाऱ्यातील सहज पचणारा भाग त्याच्या पोषणात जातो, म्हणून १ किलो शेणापासून सुमारे ४० लिटरच वायू मिळतो. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण, म्हणजे साधारण ४ ते ५ जनावरे लागतात. परिणामी १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यानंतरही भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबे या सोयीच्या कक्षेबाहेरच राहिली.

काडाची अडचण

यावर पिकांच्या अवशेषांचा पर्याय सुचणे स्वाभाविक होते. तथापि काड शेणकाल्यावर तरंगते, त्याचा घट्ट थर बनतो आणि वायूची वाट अडते. शिवाय त्यातील सेल्युलोज लिग्निनच्या आवरणात बंदिस्त असते. विनॉक्सी जीवाणूंना लिग्निन जवळजवळ पचत नाही. भाताच्या पेंढ्यात कार्बनच्या मानाने नायट्रोजनही अपुरा असतो.

या समस्येचे पहिले उत्तर पशुखाद्याच्या क्षेत्रातून आले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत अर्न्स्ट बेकमन यांनी काड कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात भिजवून जनावरांना अधिक पचनीय करण्याची पद्धत विकसित केली. अल्कलीमुळे तंतू फुगतात व लिग्निनचे बंध सैल होतात. भारतात वैरणीसाठी सुमारे ४ टक्के युरियाची प्रक्रिया सुचवली गेली, तीमागेही हेच तत्त्व आहे. कापणे, भिजवणे, चुन्याची प्रक्रिया, अर्धवट कुजवणे आणि दाबाखालील वाफेचा मारा हे उपाय जैववायूसाठीही अभ्यासले गेले. परंतु बारीक दळण्यास वीज लागते आणि सोडियमयुक्त उर्वरित स्लरी जमिनीस हानिकारक ठरू शकते.

गोठ्याबाहेरचे प्रयोग

महाराष्ट्रात या प्रश्नाला दोन भिन्न उत्तरे मिळाली. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत आनंद कर्वे यांनी २००३ मध्ये पिष्टमय पदार्थांवर चालणारे लहान संयंत्र तयार केले. सहज पचणारे अन्न जनावराऐवजी थेट जीवाणूंना द्यावे, हा त्यामागील विचार होता. या कार्यास २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात पूर्वप्रक्रियेला स्वतंत्र टाकीच देण्यात आली. ओला कचरा वाटून, गरम पाणी व हवा देऊन तो उष्णताप्रिय जीवाणूंकडून आधी विघटित करून घेतला जातो आणि नंतरच मुख्य टाकीत सोडला जातो. जनावराच्या जठराचे काम येथे यंत्र आणि टाकी यांत विभागले गेले. तरीही नारळाच्या करवंट्यांसारखे पदार्थ वगळावेच लागतात.

केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सतत’ योजना जाहीर केल्यानंतर काडाला पुन्हा महत्त्व आले. पंजाबमधील लेहरागागा येथे भाताच्या पेंढ्यावर चालणाऱ्या मोठ्या प्रकल्पाचे २०२२ मध्ये उद्घाटन झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या जठरातील विनॉक्सी बुरशींचा काडाच्या विघटनासाठी अभ्यास झाला आहे. अशा रीतीने संशोधन पुन्हा जनावराच्या जठराकडेच वळलेले दिसते.

समारोप

पूर्वप्रक्रिया टाळता येत नाही. ती कोणाकडून करून घ्यावयाची, एवढाच पर्याय असतो. जनावराने केली तर चारा, यंत्राने केली तर वीज, रसायनाने केली तर जमीन आणि हाताने केली तर बहुधा घरातील स्त्रीचे श्रम खर्ची पडतात. महाराष्ट्रात ज्वारीचा कडबा हे गुरांचे अन्न आहे, तर कापसाची पऱ्हाटी काष्ठमय असल्याने पचण्यास कठीण आहे. म्हणून कोणत्याही प्रकल्पाचे मूल्यमापन करताना निघालेल्या वायूइतकाच टाकीपूर्वीचा हा खर्चही हिशेबात धरणे आवश्यक ठरते.