कल्ल्यातली एक पेशी आणि पन्नास वर्षांचा पुरावा

पावसची खाडी मे महिन्यात खारट असते. जुलैत वरून पुराचं पाणी आलं की तीच खाडी बरीचशी गोडी होते. बोय मासा मात्र दोन्ही वेळेला तिथे असतोच. लहानपणापासून हे बघत आले, पण यात काही प्रश्न आहे हे एम.एस्सी.ला येईपर्यंत कळलं नव्हतं. तिथे पुस्तकात एक ओळ होती: समुद्रातला मासा जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. ही ओळ छापायला किती वर्षं लागली, ते आज बघू.

आधी अडचण काय ते समजून घेऊ. बहुतेक हाडाळ माशांच्या रक्तातले क्षार समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असतात. म्हणजे समुद्रात माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं आणि मीठ आत येतं. गोड्या पाण्यात बरोबर उलटं: पाणी आत घुसतं, क्षार बाहेर जातात. तिथे मासा भरपूर पातळ लघवी करतो आणि कल्ल्यांतून क्षार आत ओढून घेतो. पण समुद्रात काय करतो?

1930 मध्ये होमर स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने साधी युक्ती केली. समुद्राच्या पाण्यात फिनॉल रेड हा रंग घातला. आतडं हा रंग फारसा शोषत नाही. थोड्या वेळाने तो माशाच्या आतड्यात साठलेला सापडला, म्हणजे मासा पाणी पितो. पण पाण्याबरोबर आलेलं मीठ गेलं कुठे? लघवी थोडी, आणि तीही रक्तापेक्षा खारट नाही. मग वाट एकच उरते, कल्ले. लक्षात घ्या, हे वजाबाकी करून काढलेलं उत्तर होतं.

1931 मध्ये अँसेल कीज या 27 वर्षांच्या संशोधकाने ते थेट तपासलं. (पुढे आहार आणि हृदयविकारावरच्या कामामुळे गाजलेले कीज ते हेच.) त्यांनी ईल माशाचे कल्ले हृदयासकट चालू ठेवले, आतून रक्तासारखं द्रावण फिरवलं आणि बाहेर समुद्राचं पाणी ठेवलं. आतलं क्लोराइड कमी होत गेलं. म्हणजे कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे मीठ ढकललं जात होतं! पुढच्या वर्षी कीज आणि विल्मर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली कल्ल्यांत मोठ्या, वेगळ्या दिसणाऱ्या पेशी दाखवल्या आणि हे काम त्याच करत असणार असं मांडलं. त्यावरून 'क्लोराइड पेशी' हे नाव पडलं.

नाव पडलं, पण पुरावा? लगेच शंका निघाल्या. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेल्या असल्याचं दाखवलं. ऊर्जा खूप लागते हे कळलं, पण ती मिठासाठीच लागते हे त्यातून सिद्ध होत नाही. कल्ल्याची रचना इतकी घड्याघड्यांची की एकेका पेशीवर मोजमाप करणं अवघड.

शेवटी वाट सापडली ती कल्ल्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. तिथली त्वचा सपाट असते आणि तिच्यात याच पेशी असतात. 1982 मध्ये फॉस्केट आणि शेफी यांनी तिलापियाची, म्हणजे आपल्या चिलापीची, ही त्वचा घेतली, तिच्यावर कंप पावणारं सूक्ष्म इलेक्ट्रोड फिरवलं आणि क्लोराइडचा प्रवाह या पेशींतूनच निघतो हे मोजून दाखवलं. नावानंतर बरोबर पन्नास वर्षांनी!

हे एवढं सांगण्याचं कारण माझं स्वतःचं आहे. दुसऱ्या वर्षाच्या सादरीकरणात मी रंगवलेल्या पेशीचा फोटो दाखवून म्हटलं होतं, "ही पेशी हे काम करते." परीक्षकांनी विचारलं, "काम करताना पाहिलीत का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने असतात: 'मोजलं' आणि 'वाटतं'. कीज-विल्मर यांचा अंदाज बरोबर निघाला, पण 1982 पर्यंत तो दुसऱ्याच रकान्यात होता. पीएच.डी.ला येणार असाल तर हे दोन रकाने पहिल्या दिवसापासून आखा.