चौघे परत आले

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघालेल्या 'राजपुताना' बोटीवर पाच हिंदी डॉक्टर होते. अलाहाबादचे डॉ. मदन अटल, नागपूरचे डॉ. मो. रा. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी. जायचे होते चीनला. मुदत ठरली होती एक वर्षाची.

यातले पहिले तीन शब्द आपण शाळेत शिकलो. 'एक वर्षाची' हा शब्द मात्र आपल्या स्मरणातून गळून गेला आहे, आणि माझा हा सगळा लेख त्या एका शब्दाभोवती आहे. परदेशात थोड्या मुदतीसाठी जाऊन रुग्णसेवा करणे म्हणजे नेमके काय होते, त्यातले किती कामी येते, किती प्रवासात जिरते, आणि मुदत संपल्यावर परतणाऱ्याचे इतिहासात काय होते, हे पाहायचे तर मराठी माणसाला याहून जवळचे उदाहरण नाही. पाचांपैकी दोघे मराठी. एकाच्या नावावर चित्रपट निघाला, टपालाचे तिकीट निघाले, सोलापुरात स्मारक झाले. दुसऱ्याचे नाव आज नागपूरच्या किती वाचकांना ठाऊक असेल, मला शंका आहे.

पथक कसे जमले ते थोडक्यात सांगतो, कारण ती हकिगत पुष्कळांनी लिहिली आहे. ७ जुलै १९३७ रोजी मार्को पोलो पुलाजवळ चकमक झाली आणि जपानने चीनवर उघड युद्ध लादले. त्याच वर्षाच्या अखेरीस चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधे मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी आवाहन केले, जुलैत देशभर 'चीन दिन' पाळले गेले, आणि सुमारे २२ हजार रुपयांचा निधी उभा राहिला. त्यातून एक रुग्णवाहिका आणि औषधांच्या पेट्या घेतल्या गेल्या. आपलाच देश गुलाम असताना दुसऱ्याच्या मदतीला माणसे पाठवायची, यात राजकारण होते यात शंका नाही. सरकारलाही ते कळत होते. कलकत्त्याहून आधी निवडलेल्या डॉ. रणेन सेन यांना पासपोर्टच नाकारला गेला, आणि त्यांच्या जागी बसू आले.

असे पथक हिंदुस्थानातून पहिल्यांदाच जात होते असेही नाही. १९१२ साली बाल्कन युद्धाच्या वेळी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी तुर्कस्तानात पथक घेऊन गेले होते आणि पुढच्या वर्षी परत आले होते. म्हणजे जायचे, ठरलेले काम करायचे आणि परत यायचे, हा नमुना समोर होता. चीनच्या पथकाने त्याच बेताने पेट्या बांधल्या.

आता घड्याळाकडे पाहू. बोट मुंबईहून सुटली तो दिवस १ सप्टेंबर. १७ सप्टेंबरला पथक कॅंटनला पोचले. स्वागताला सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग होत्या. तिथून हॅंकाव. तिथल्या रुग्णालयांत त्यांनी कामाला सुरुवात केली, पण जपानी फौज मागोमाग येत होती. ऑक्टोबरात चारपाच दिवसांच्या अंतराने कॅंटन आणि हॅंकाव दोन्ही पडली. पथक यांगत्से नदीने वर इचांगला सरकले, तिथून चुंगकिंगला. चुंगकिंगमध्ये येनानला जायच्या परवानगीची वाट पाहण्यात आठवड्यांमागून आठवडे गेले. चू तेह यांची सेना कम्युनिस्टांची आणि चुंगकिंगचे सरकार च्यांग कै-शेक यांचे. दोघे जपानविरुद्ध एकत्र असले तरी परकी डॉक्टरांनी त्या बाजूला जावे हे चुंगकिंगला रुचणारे नव्हते. अखेर जानेवारी १९३९ मध्ये पथक निघाले आणि १२ फेब्रुवारीला येनानला पोचले.

वर्षाच्या मुदतीतले पाच महिने अकरा दिवस संपले होते. ज्यांनी बोलावले त्यांच्या दारात पोचायलाच.

मी दाभोळात राहतो. इतिहास हा माझा शिकलेला विषय नाही. पोटाचा उद्योग सांभाळून जे वाचले त्यावर लिहितो. आमच्या बाजूच्या वाड्यांमध्ये वर्षातून एकदोनदा मुंबईपुण्याहून आरोग्य शिबिर येते. शाळेच्या वर्गात टेबले मांडतात, रक्तदाब पाहतात, चष्मे वाटतात, आठवड्याच्या गोळ्या देतात आणि संध्याकाळी मंडळी परततात. गोळ्या आठ दिवसांत संपतात, रक्तदाब राहतो. यावर गावात दोन मते असतात. एक, आले हेच पुष्कळ. दुसरे, असल्या येण्याचा उपयोग काय? मी दोन्ही मते मांडणाऱ्यांबरोबर ओटीवर बसून वाद घातला आहे. तेव्हा या पथकाचा हिशोब मांडताना मला प्रश्न पडतो तो शौर्याचा नाही. येऊन गेल्यावर मागे काय राहिले, हा आहे.

येनान म्हणजे पिवळ्या मातीच्या डोंगरांत कोरलेल्या गुहा. रुग्णालय गुहांत, वर्ग गुहांत, राहणेही तिथेच. औषधांचा तुटवडा, वीज नाही, आणि रुग्ण बोलतो ती भाषा डॉक्टरला कळत नाही. चुंगकिंगमध्ये असताना शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे तान युन-शान यांनी पाचही जणांना चिनी नावे दिली होती. प्रत्येक नावाच्या शेवटी 'ह्वा' हा शब्द. ह्वा म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले को दी-ह्वा. नाव मिळाले तरी भाषा मिळायला वेळ लागतोच. दुभाष्यामार्फत जखम तपासता येते, पण दुखते कुठे आणि कधीपासून हे विचारताना निम्मे निसटते. वर्षभराच्या बोलीवर आलेल्या डॉक्टरची भाषा जुळू लागते न लागते तोच त्याची बोट सुटायची वेळ होते.

चोळकर या पाचांत वयाने सर्वांत मोठे. पन्नाशी मागे टाकलेला, नागपुरात काँग्रेसच्या कामात मुरलेला हा माणूस. कोटणीस निघताना पुरते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले, पाठीशी ना संसार ना दवाखाना. चोळकरांच्या वयाचा डॉक्टर आपला बसलेला जम सोडून उत्तर चीनच्या हिवाळ्यात जातो, बॉम्बफेकीखालून प्रवास करतो, गुहेत राहतो आणि ठरलेली सेवा करून १९३९ च्या उन्हाळ्यात परत फिरतो. यात कमी ते काय? त्याच वर्षी मुखर्जीही मूत्रपिंडाच्या आजारामुळे परतले. अटल पुढच्या वर्षी, १९४० मध्ये. ते तर चीनआधी स्पेनच्या यादवीतही डॉक्टर म्हणून राबून आले होते.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये या पथकावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ 'आणि एकजण परत आला नाही' असा. पुस्तक चांगले आहे, पण त्या नावाने पुढच्या सगळ्या स्मरणाची दिशा ठरवून टाकली. एक परतला नाही म्हणताना चौघे परतले हे आपोआप दुय्यम झाले, जणू परतणे ही काही उणीव. आम्हा खाडीकाठच्या लोकांना हे चमत्कारिक वाटते. दाभोळातून शतकानुशतके माणसे समुद्रावर गेली. यात्रेकरू मक्केला, व्यापारी होर्मुझला, खलाशी कुठल्या कुठल्या बंदरांना. १४७२ मध्ये निकितिन हा रशियन प्रवासी आपल्या मुलखाकडे परतायला इथूनच गलबतात चढला. आमच्याकडे गेलेला माणूस परत येतो हाच सण असतो.

कोटणीस मात्र थांबले, आणि ते का थांबले याचे उत्तर चित्रपटात देतात तितके सोपे नाही. चीनमध्येच त्यांना वडील वारल्याची बातमी कळली. कर्ता पुरुष गेलेला, मागे भावंडे. परत फिरायला याहून मोठे कारण कुणी मागितले नसते. ते फिरले नाहीत. वर्ष भरत आले तेव्हा, ऑगस्ट १९३९ मध्ये, नेहरू चुंगकिंगला आले होते. पण युरोपात युद्ध पेटले आणि त्यांना घाईने मायदेशी परतावे लागले, येनान राहून गेले. नोव्हेंबरात अटल, बसू आणि कोटणीस आघाडीकडे निघाले. त्याच महिन्याच्या १२ तारखेला कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून उत्तर चीनमध्ये मरण पावले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळली आणि रक्तात विष भिनले. हातमोजे नव्हते. एवढ्या साध्या वस्तूअभावी एवढा माणूस गेला.

त्यांच्या नावाचे आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय उभे राहिले आणि जानेवारी १९४१ मध्ये त्याचे प्रमुखपद कोटणीसांकडे आले. सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याची हकिगत सगळीकडे सांगतात. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. युद्धात असे दिवस येतात. पण मला त्याहून मोठी वाटते ती शिकवण्याची गोष्ट. रुग्णालयाला जोडून वैद्यकीय शाळा होती. शेतकऱ्यांची पोरे तिथे यायची, काही जेमतेम लिहितावाचता येणारी. कोटणीस त्यांना चिनी भाषेत शल्यचिकित्सा शिकवू लागले, आणि त्यांच्यासाठी त्याच भाषेत पाठ्यपुस्तक लिहायला बसले. दुभाष्यावाचून नाडी न समजणारा माणूस दोन वर्षांत फळ्यापुढे उभा राहून परकी भाषेत शरीरशास्त्र सांगतो, हे एका वर्षाच्या मुदतीत झाले नसते. वर्गातून बाहेर पडलेली पोरे पुढे तुकड्यांबरोबर गेली. डॉक्टर एकावेळी एकच जखम शिवतो. शिकवलेले पंधरा हात पंधरा ठिकाणी शिवतात.

शिबिरांबद्दलच्या आमच्या ओटीवरच्या वादात मी अलीकडे हेच विचारतो. पाहुण्यांपैकी कुणी इथल्या आशाताईला रक्तदाबाचे यंत्र नीट लावायला शिकवले का? पुढच्या वेळी तीच माणसे आली का?

नोव्हेंबर १९४१ मध्ये कोटणीसांनी शाळेतल्या परिचर्या-शिक्षिका कुओ चिंग-लान यांच्याशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. सेनापती न्ये रुंग-चेन यांनी त्याचे नाव सुचवले, यिन-ह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. तोवर कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. विश्रांती आणि उपचारांसाठी आघाडी सोडून जाण्याचा आग्रह झाला, तो त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी होपेई प्रांतातल्या तांग परगण्यात एका खेड्यात ते वारले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. तोही पुढे वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये गेला.

या मृत्यूकडेही डॉक्टरांच्या नजरेने पाहिले पाहिजे, नुसत्या भक्तिभावाने नव्हे. ज्या रुग्णालयाचा प्रमुख शेकडो जखमींना बरे करतो, त्याच्या स्वतःच्या आजारावर तिथे इलाज नाही. वेढा फोडून औषधे येत नाहीत. तो थांबला म्हणून थोर, हे खरे. पण त्याला पाठवणाऱ्यांनी दुसरा माणूस पाठवून त्याची सुटका करायला हवी होती, हेही तितकेच खरे. ती शक्ती १९४२ च्या काँग्रेसकडे नव्हती. 'चले जाव'नंतर नेतृत्व तुरुंगात होते. मुखर्जींनी बरे झाल्यावर पुन्हा चीनला जायची खटपट केली होती, पण इंग्रज सरकारने त्यांना अटकेत टाकले. परत आलेल्या चौघांपैकी एकाची ही दुसऱ्यांदा जाण्याची धडपड आपल्या कथेत कुठेच येत नाही.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आला. शांतारामांनी स्वतः कोटणीस उभे केले आणि जयश्रीबाईंनी चिंग-लान. त्या चित्रपटाने कोटणीस घराघरांत नेले, हे ऋण मान्य करायलाच हवे. पण चित्रपटाला नायक एकच लागतो. पाचांचे पथक मागे सरकले आणि एकट्याची गाथा पुढे आली. स्मारके, भाषणे, पाठ्यपुस्तकातले धडे त्याच वाटेने गेले. चिनी राष्ट्रप्रमुख भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना भेटतात, बातमी छापून येते. चोळकरांच्या नावाला अशी बातमी कधी चिकटली नाही.

बसू सर्वांत शेवटी, १९४३ मध्ये परतले. कोटणीसांच्या आजाराच्या दिवसांत ते येनानला होते, मित्रापासून दूर. त्यांनी चीनमधल्या वर्षांची रोजनिशी ठेवली होती. आज आपल्याला पथकाचे दिवसवार जे कळते त्यातले पुष्कळसे त्या रोजनिशीमुळे. पुढे १९५८ च्या सुमारास ते पुन्हा चीनला गेले. या वेळी शिकवायला नाही, शिकायला. ॲक्युपंक्चरची विद्या घेऊन ते कलकत्त्याला आले, स्वतः सुया टोचू लागले, इतरांना शिकवू लागले. कोटणीसांच्या नावाने स्मारक समिती निघाली, दवाखाने निघाले. लुधियान्यात आजही डॉ. कोटणीस ॲक्युपंक्चर रुग्णालय आहे, आणि सोलापूरच्या शल्यविशारदाच्या नावाच्या पाटीखाली पंजाबी म्हाताऱ्या गुडघ्यांत चिनी सुया टोचून घ्यायला रांगेत बसतात.