एक जागा, एक उतारू



आगगाडींत जागा राखून ठेवणें ही आज आपणांस अगदीं किरकोळ बाब वाटते. परंतु मुंबईच्या खिडकीवर उभें राहून कलकत्त्याहून सुटणाऱ्या गाडींतील जागा मागावी आणि ती तत्काळ मिळावी, एवढी साधी गोष्ट साधण्यास विसावें शतक जवळजवळ सरावें लागलें. त्या खटपटीची हकीकत आज सांगावयाची आहे.

संगणक येण्यापूर्वीं प्रत्येक गाडीची दर दिवसाची नोंद जाड वह्यांत होत असे. ज्याच्या हातीं वही, त्याच्या हातीं जागा. वाटेवरील स्थानकांस ठराविक वांटा मिळे. परतीच्या प्रवासासाठीं दूरच्या स्थानकास तार करावी आणि उत्तराची वाट पाहत बसावें. ज्या खिडकीवर ज्या गाड्यांच्या वह्या, तेथें त्याच गाड्यांचें काम होई. रांग चुकली कीं पुन्हां दुसऱ्या रांगेच्या शेवटीं जाणें आलेंच.

१९८५ सालीं दिल्लींत हें काम प्रथम संगणकाकडे सोंपविण्यांत आलें. पुढें मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथेंही अशीं केंद्रें निघालीं. खिडकीखिडकींतील भेद मिटला. पण केंद्राकेंद्रांतील भेद राहिलाच. मुंबईच्या संगणकास मद्रासची वही वाचतां येत नव्हती.

मग सर्व देशासाठीं एकच प्रचंड संगणक कां नसावा, असें कोणी विचारील. पण सारा भार एके ठिकाणीं आला, कीं तेथील एका बिघाडानें सारा देश खोळंबतो. बरें, प्रत्येक केंद्रांत सर्व वह्यांची नक्कल ठेवावी, तर एकाच क्षणीं दोन शहरांत एकच जागा दोघांस विकली जाण्याचें भय. यावर १९८६ सालीं स्थापन झालेल्या ‘क्रिस’ या रेल्वेच्या संस्थेनें मधला मार्ग काढला. तिनें रचलेल्या ‘कॉन्सर्ट’ या प्रणालींत प्रत्येक गाडीची वही एकाच केंद्रांत राहते. प्रवास करते ती उतारूची मागणी. मुंबईच्या खिडकींतून निघालेली मागणी ज्या केंद्रांत ती वही असेल तेथें पोहोंचते आणि उत्तर घेऊन परतते. एखादें केंद्र बंद पडलें, तरी इतरांच्या गाड्यांचें काम चालूं राहतें.

खरी मेख पुढेंच आहे. मागणी गेली, जागा नोंदली गेली, आणि उत्तर परत येण्यापूर्वींच मधला दुवा तुटला, तर काय करावें? पैसे गेले आणि तिकीट नाहीं, किंवा जागा अडकली आणि उतारू नाहीं, असा घोळ व्हावयाचा. म्हणून नियम असा कीं, व्यवहार पुरा व्हावा किंवा मुळींच होऊं नये. अर्धवट राहिलेला व्यवहार यंत्रानेंच शोधून पुरा करावा, नाहींतर मोडून टाकावा. दूरदूरच्या यंत्रांकडून एकत्र काम घेणाऱ्या प्रत्येक रचनेचा, मग ती पेढीची असो वा कारखान्याची, हाच पाया आहे. वेगाचें महत्त्व त्यानंतरचें.

१९९४ सालीं सिकंदराबादेस ही प्रणाली सुरू झाली आणि १९९९ च्या एप्रिलांत पांचही केंद्रें जोडलीं गेलीं. पुढें ३ ऑगस्ट २००२ पासून इंटरनेटवरून तिकिटें मिळूं लागलीं आणि खिडकी घरांत आली. त्याबरोबर गर्दीही आली. तत्काळ तिकिटांची वेळ झाली, कीं देशभरांतील हजारों हात एकदमच दार ठोठावूं लागले. २०१४ सालीं ही व्यवस्था नव्यानें उभारण्यांत आली, तेव्हां मिनिटास २,००० तिकिटांची तिची शक्ति ७,२०० वर नेण्यांत आली.

तरीही सुटीच्या दिवसांत जागा मिळत नाहीं, अशी तक्रार आपण करतोंच, आणि ती खोटी नव्हे. यंत्र कितीही चपळ झालें, तरी गाडीला एक बाकही जास्त जोडूं शकत नाहीं. पण आडगांवच्या उतारूची मागणी राजधानींतल्या उतारूच्या मागणीइतक्याच मानानें त्याच वहीपर्यंत पोहोंचते, आणि एकदां दिलेली जागा दुसऱ्यास दिली जात नाहीं. वही कोणाच्या हातीं, हा जुना प्रश्न त्यामुळें पुष्कळ अंशीं मागें पडला. आणि या साऱ्या खटपटीचें मोल मला त्यांतच दिसतें.