आम्लांची आडनावं

आमची कन्या यंदा अकरावी सायन्सला आहे आणि तिचा बाप बी. कॉम. आहे. ही दोन सत्ये एका घरात नांदतात ती केवळ तिच्या आईच्या मध्यस्थीने. परवा रात्री नऊ वाजता कन्या रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन पुढ्यात बसली. "बाबा, उद्या चाचणी आहे. सेंद्रिय संयुगांची नावं डोक्यात राहतच नाहीत. मी कॉमर्स घेऊ का?"

माझ्या पोटात गोळा आला. धुळ्यात असताना ह्याच धड्यापाशी अस्मादिकांनी सायन्सला रामराम ठोकला होता. मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन इथपर्यंत आलो आणि पुढचा मार्ग थेट बँकेच्या काउंटरवर निघाला.

त्यातून तो दिवसही वैऱ्याचा होता. सकाळी आमच्या जळगावच्या शाखेत सावद्याचे एक पाटील केळीचे चाळीस हजार रुपये भरून गेले. मी खाते क्रमांकातल्या ३८ चे ८३ केले. पडद्यावर नाव जुळलं, बापाचं नावही जुळलं. खानदेशात पाटलांना काय तोटा! संध्याकाळी पाटीलभाऊ पासबुक घेऊन हजर. "भाऊ, माह्ये पैसे कुठी गेले?" पैसे शिरपूर तालुक्यातल्या दुसऱ्या पाटलांकडे गेले होते. ह्या पाटलांना शनिवारी मजुरी वाटायची होती, आणि त्या पाटलांनी पैसे काढून घेतले तर ती माझ्या पगारातून वाटली जाणार होती.

झोप येणं शक्य नव्हतं, म्हणून कन्येचा धडा घेतला. पुस्तकात नियम होते. नियम का झाले ते नव्हतं. ते मी मोबाईलवर शोधत बसलो आणि मला आमचीच शाखा दिसू लागली.

पूर्वी रसायनवाले पदार्थाला गावावरून आडनाव द्यावं तसं, तो जिथे सापडला त्यावरून नाव देत. १६७१ साली जॉन रे ह्या इंग्रज गृहस्थाने मुंग्यांपासून मिळणाऱ्या आम्लाची हकीकत लिहिली. लॅटिनमध्ये मुंगी म्हणजे फॉर्मिका, म्हणून फॉर्मिक आम्ल. शिरक्यातलं ते ॲसिटिक. लोण्यातलं ब्युटिरिक; ते मोकळं झालं की लोणी खवट होतं. कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही तीन सख्खी भावंडं बकरीच्या नावाची, आणि वासावरून ओळख पटते. आणि ॲराकिडिक आम्ल? ते भुईमुगाचं! शेंगदाण्याच्या तेलावर पोसलेला माझा खानदेशी पिंड अभिमानाने फुलून आला. कन्येला सांगितलं तर म्हणाली, "बाबा, पोर्शनमध्ये नाहीये ते."

पण सगळ्यांत मजा ॲनिलिनची. १८२६ मध्ये उनफरडॉर्बेनने ते निळीतून काढलं आणि एक नाव दिलं. १८३४ मध्ये रुंगेला ते डांबरात मिळालं, दुसरं नाव. फ्रिट्शने पुन्हा निळीतून काढून ॲनिलिन म्हटलं. हा 'अनिल' अरबांच्या मार्गे तिकडे पोचलेला आपलाच संस्कृत नील. झिनिनने चौथं नाव ठेवलं. एकाच इसमाची चार खाती! १८४३ मध्ये हॉफमन नावाच्या माणसाने कागदपत्रं तपासून हे चारही एकच असल्याचं सिद्ध केलं. आम्ही ह्याला केवायसी म्हणतो.

ह्याच हॉफमनने १८६६ मध्ये ए, ई, आय, ओ, यू ह्या स्वरांची ओळीने शेपटं लावून हायड्रोकार्बनांची नावं करायचं सुचवलं. म्हणजे बाराखडीच की! मग १८९२ मध्ये जिनिव्हाला चौतीस रसायनशास्त्रज्ञ जमले आणि ठरलं, की कार्बनची सगळ्यांत लांब साखळी मोजायची, तिच्यावरून मूळ नाव, आणि शेपटावरून कूळ. 'ऑल' दिसलं की अल्कोहोल, 'आल' दिसलं की आल्डिहाइड, 'ओन' दिसलं की कीटोन. कोण कुठे चिकटलंय ते आकड्याने सांगायचं.

"हे बघ," मी म्हटलं, "पिकल्या केळ्याला वास येतो ना, त्यातलं मुख्य द्रव्य ३-मिथिलब्युटिल ॲसिटेट. ब्युटिल म्हणजे चार घरांची गल्ली. तिसऱ्या घरावर मिथिल नावाचा पोटभाडेकरू. आणि अख्खी गल्ली ॲसिटिक आम्लाच्या घराला जोडलेली. पाठ काय करायचंय? पत्ता वाच!"

तिने पुस्तक ओढून घेतलं. दहा मिनिटांत ती धडाधड पत्ते वाचू लागली आणि मला विचारू लागली. मला येईनात.

मग मी तिची एक शंका काढली. नियमाने ॲसिटिक आम्ल म्हणजे इथेनॉइक आम्ल. पण नावं ठरवणाऱ्या आययूपॅक ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेनेच २०१३ च्या शिफारशींत फॉर्मिक आणि ॲसिटिक ही घरची नावं पसंतीची म्हणून कायम ठेवली आहेत. "मग पेपरात काय लिहू?" कन्या. "दोन्ही लिही," मी म्हणालो. सकाळीच हा सल्ला मी स्वतः घेतला असता तर बरं झालं असतं.

शिरपूरचे पाटील दुसऱ्या दिवशी एस.टी.ने स्वतः आले, पत्रावर सही केली आणि वर मलाच चहा पाजला. शुक्रवारी सावद्याचे पाटीलभाऊ केळीची एक फणी काउंटरवर ठेवून म्हणाले, "स्लिपवर नावापुढे सावदा लिहत जा भाऊ. तो नंबर माह्या ध्यानात ऱ्हात नाही, अन् तुमच्याबी नाही."