नहरीचे शहर, नळाचे शहर

ज्या गावाच्या नावातच खडक आहे तेथे राजधानी वसवण्याचा विचार पाण्याचा हिशेब मनात धरल्याशिवाय कोणी करणार नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी हे गाव निवडले. त्याच्या मृत्यूनंतर, १६२६ मध्ये, त्याचा मुलगा फतेहखान याने शहराला फतेहनगर म्हटले. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने औरंगाबाद केले. २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले. या नावांच्या इतिहासावर आपल्याकडे विपुल लिहिले आणि बोलले गेले आहे. त्याच जमिनीखालून वाहत असलेल्या पाण्याच्या इतिहासाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. शहराचे पाण्याशी असलेले नाते कसे पालटले, हे त्या इतिहासातून अधिक स्पष्ट दिसते असे आम्हांस वाटते.

मराठी वाचकाला मलिक अंबर परिचित आहे तो ‘मलिकंबरी’ जमीनधाऱ्यामुळे आणि गनिमी काव्यामुळे. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला, मोखा आणि बगदाद या मार्गाने अहमदनगरला पोचलेला हा मनुष्य जमिनीची प्रत पाहून सारा ठरवत असे. त्याच नजरेने त्याने जमिनीखालचे पाणी पाहिले, असे म्हणण्यास हरकत नाही. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याने बांधलेली नहर-ए-अंबरी हे त्याचे प्रमाण होय.

या नहरीची रचना समजून घेण्याजोगी आहे. शहराच्या उत्तरेला, हर्सूल-सावंगीकडच्या डोंगरपायथ्याशी, पावसाचे पाणी मुरुमात आणि खडकाच्या भेगांत उतरते. तेथे विहिरी आणि भुयारे खोदून ते झिरपणारे पाणी गोळा केले, आणि अगदी सौम्य उतार राखून जमिनीखालूनच शहराकडे आणले. वाटेत ठरावीक अंतरावर उभी विवरे ठेवली. त्यांतून हवा खेळे आणि गाळ काढायला माणूस आत उतरू शके. शहराजवळ पाणी बंद मार्गाने चालू लागले की जागोजागी दगडी स्तंभ येत. लोक त्यांना बंब म्हणत. पाणी या पोकळ स्तंभात चढे, अडकलेली हवा सोडून देई, दाब हलका करी आणि पुन्हा खाली उतरून पुढच्या हौदाकडे जाई. कोठे मोट नाही, रहाट नाही. सारे काम उताराचे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. वरच्या भागात ही नहर केवळ पाणी वाहून नेत नसे. भोवतीच्या जमिनीतून ती वाहता वाहता पाणी पीतही असे. म्हणून तिचे आयुष्य तिच्या बांधकामाइतकेच डोंगरपायथ्याच्या मोकळ्या जमिनीवर अवलंबून होते. वर पाऊस मुरला तर खाली हौद भरला.

ही विद्या इराणातल्या कारेझींची. दख्खनमध्ये बीदर येथे ती पंधराव्या शतकातच आली होती. परंतु आम्हांस अधिक अर्थपूर्ण वाटतो तो बुऱ्हाणपूरचा दाखला. तेथील कुंडी भंडारा ही याच जातीची योजना १६१५ ची मानली जाते आणि ती अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात झाली. हिंदीच्या विद्यार्थ्यांना हाच रहीम दोह्यांचा कवी म्हणून ठाऊक आहे. दख्खनच्या रणांगणावर तो मोगलांचा सेनापती होता आणि मलिक अंबर त्याचा प्रतिस्पर्धी. दोघे एकाच दशकात, एकमेकांशी लढत असताना, आपापल्या शहराखाली सारख्याच रीतीने पाणी खेळवत होते. रहीम १६२७ मध्ये गेला, अंबर त्याच्या आदल्याच वर्षी. त्यांच्या लढायांचे निकाल आज इतिहासाच्या परीक्षेपुरते उरले आहेत. नहरी त्यांच्या सत्तांहून अधिक जगल्या.

पुढच्या काळात शहरात आणखी नहरी झाल्या. त्यांतली सर्वांच्या ओळखीची म्हणजे पाणचक्कीची. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर अंतरावरून येते, उंच भिंतीवरून धारेने हौदात पडते, आणि त्याच प्रवाहावर जाते फिरून फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. पर्यटक धार पाहून परततात. त्या हौदाखाली एक प्रशस्त दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचे छत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते दालन थंड राहते. एकच पाणी दळते, तहान भागवते, सावली गार करते आणि मग पुढे वाहते. एका आवारातल्या पाण्याकडून आवारातच इतकी कामे घ्यावीत, हा विचार आज शहर नियोजनाच्या ग्रंथांत ‘हरित पायाभूत सुविधा’ या भारदस्त नावाने शिकवला जातो.

मात्र या इतिहासाचे गोडवे गाताना तोल सांभाळला पाहिजे. नहरींचे शहर लहान होते. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ११ लाख ७५ हजारांच्या घरात होती. एवढ्या वस्तीला डोंगरपायथ्याचा झिरपा पुरणार नाही. १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या मराठवाड्याला पैठणचे जायकवाडी धरण हा आधार वाटला, आणि तो होताही. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले. परंतु नाथसागराची पूर्ण पातळी १५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर. शहर त्याहून शंभर मीटरांहून अधिक उंचावर. नहरीचे पाणी उताराने येत असे, नळाचे पाणी चढावर ढकलावे लागते. वीज, पंप, पन्नासेक किलोमीटरची जलवाहिनी यांतले काहीही अडले की शहर कोरडे. गेल्या दशकात अनेक वसाहतींनी एका पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंत कित्येक दिवस वाट पाहिली आहे.

आम्हांस यापेक्षा मोठी हानी वेगळीच वाटते. नहर जिवंत ठेवायची तर गाळ काढावा लागे, झाडांची मुळे छाटावी लागत, विवरे उघडी ठेवावी लागत. आपल्या अंगणाखालून शेजारच्या मोहल्ल्याचे पाणी जाते, ही जाणीव असल्याशिवाय हे घडत नाही. पाणी दुरून येऊ लागले आणि पायाखालच्या जमिनीविषयीचे हे कर्तव्य गळून पडले. नहरींवर घरे उभी राहिली, विवरांत कचरा व सांडपाणी गेले, खाम नदीचा नाला झाला. २०२० नंतर खामच्या पुनरुज्जीवनाचे काम महापालिका आणि नागरिक यांनी हाती घेतले, ही आशेची गोष्ट खरी.

नियमांचीही उणीव नाही. २०२० च्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण बंधनकारक केले आहे. हिशेब साधा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर अशा एका भूखंडावर साडेतीन लाख लिटर पाणी पडते. सगळे अडवता येत नाही. पण जे अडेल ते चढावर ढकलावे लागत नाही. नकाशात शोषखड्डा दाखवला जातो आणि परवाना मिळतो. दरवर्षी पावसाआधी त्या खड्ड्याची गाळणी कोण साफ करणार, हे नकाशात नसते. मलिक अंबराच्या विवरांचा सगळा अर्थ याच एका प्रश्नात होता.

नहरींची डागडुजी करावी, बंब राखावेत, पाणचक्कीची धार अखंड ठेवावी ही मागणी योग्यच आहे. पण शहर आता हर्सूल-सावंगीच्या दिशेने वाढत आहे आणि नहरीचे पाणी जेथे मुरते ती हीच जमीन. ती फरशीखाली गेली तर भुयारे कितीही निगुतीने दुरुस्त केली तरी ती कोरडीच राहतील. वारसा म्हणून जपायचे ते दगडी बंबापेक्षा त्या मोकळ्या माळाला, एवढे तरी आपण समजून घेतले पाहिजे.