वृद्धांची वाचा आणि वाचोपचार : हुबळी-धारवाडच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पक्षाघातानंतर अनेक वृद्धांची वाचा जाते. मनात विचार असतो, समोरच्याचे बोलणेही बरेचसे कळते, पण शब्द जुळत नाहीत. या स्थितीस वाचाघात म्हणतात. माणसाची बुद्धीच गेली असे समजून घरचे आणि वृद्धाश्रमातील सेवक त्याच्याशी बोलणे थांबवितात. प्रस्तुत लेखात यावरील उपचाराचा इतिहास थोडक्यात मांडला आहे.

शास्त्राचा उगम

पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रुग्ण सुमारे 21 वर्षे राहिला. तो जवळजवळ ‘तान’ एवढेच उच्चारीत असे. 1861 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासून वाचेचे स्थान दाखविले. म्हणजे या शास्त्राचा आरंभच दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्या माणसापासून झाला. त्याला स्वतःला मात्र त्याचा लाभ मिळाला नाही. उपचारपद्धती पुढे वाढल्या त्या दोन महायुद्धांत डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांमुळे.

भारतातील वाटचाल

मुंबईचे नायर रुग्णालय आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था येथे 1960 च्या दशकात प्रशिक्षण सुरू झाले. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था 1983 मध्ये मुंबईत स्थापन झाली. तिचा भर श्रवणदोषावर होता. धारवाडलाही जेएसएस संस्थेचे वाक् व श्रवण महाविद्यालय आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत वाचादोष नव्हता. 2016 च्या कायद्याने तो समाविष्ट केला आणि त्यात वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख केला. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. पण निवाऱ्याबरोबर वाचेचा विचार झाला पाहिजे.

भाषेचा प्रश्न

उपचार कोणत्या भाषेत करावा? आधी शिकलेली भाषा टिकते, असे रिबो यांचे मत. तर सर्वाधिक वापरातील भाषा आधी परतते, असे पित्र यांनी 1895 मध्ये मांडले. प्रत्यक्षात दोन्ही प्रकारचे रुग्ण आढळतात. हुबळी-धारवाडमध्ये हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. 1956 पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यापूर्वी शाळेत गेलेली पिढी आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहे. एखाद्याच्या घरात दखनी किंवा मराठी, बाजारात कन्नड आणि शाळेत आणखी वेगळी भाषा असू शकते. एकाच भाषेत चाचणी घेतल्यास त्याची शिल्लक असलेली वाचाही नजरेस येत नाही.

समारोप

वृद्धाश्रमात दाखल होतानाच प्रत्येकाचा भाषा-इतिहास लिहून ठेवावा : घरात काय बोलत, नमाज-प्रार्थना कोणत्या भाषेत, हिशेब कोणत्या भाषेत करीत. वाचा गेल्यावर हे सांगणारा माणूस उरत नाही. महाविद्यालयीन शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून हे काम करवून घेतल्यास वाचोपचारकाला मोठा आधार मिळेल, आणि गप्प झालेल्या वृद्धाशी त्याच्याच भाषेत बोलणारे कोणीतरी असेल.