लॅपटॉपवरील ध्वनिनियंत्रक

लॅपटॉपवरील ध्वनिनियंत्रक म्हणजे आवाज कमी-जास्त करण्यासाठी लॅपटॉपच्या बाहेरील अंगावर बसवलेली चाकी किंवा स्वतंत्र बटणे. २००० च्या दशकात अनेक लॅपटॉपवर अशी सोय असे. तोशिबाच्या सॅटेलाइट मालिकेतील अनेक प्रतिकृतींच्या पुढच्या कडेला चाकी होती, तर थिंकपॅडवर कळफलकाच्या वर आवाजाची वेगळी बटणे होती. २०१० च्या दशकात ही साधने बहुतेक लॅपटॉपांवरून नाहीशी झाली. त्यांचे काम कळफलकाच्या सर्वांत वरच्या ओळीतील एफ-कळांकडे आणि संचालन प्रणालीकडे गेले. हा बदल वरवर किरकोळ दिसतो. पडदा न पाहता संगणक वापरणाऱ्यांसाठी तो तसा नाही.

रचना

जुनी चाकी ही ट्रान्झिस्टर रेडिओच्या बटणाची वारस होय. अनेक रेडिओंमध्ये हेच बटण फिरवल्यावर 'खट्' असा आवाज होऊन संच सुरू होई आणि पुढे फिरवत नेल्यास आवाज वाढे. आत कार्बनच्या पट्टीवरून सरकणारा धातूचा संपर्क असतो. या बदलत्या रोधकास पोटेन्शिओमीटर म्हणतात. ध्वनिसंकेताच्या मार्गातच हा रोधक असल्यामुळे संगणक बंद असतानाही आवाज आधीच कमी करून ठेवता येई. नंतरच्या काही चाक्या अखंड फिरणाऱ्या होत्या. त्या केवळ 'वाढव' किंवा 'कमी कर' असा संदेश प्रणालीला देत, त्यामुळे चाकीच्या स्थितीवरून आवाजाची पातळी कळत नसे.

लोप

१९९७ च्या एसी'९७ आणि २००४ च्या हाय डेफिनिशन ऑडिओ या इंटेलच्या मानकांमुळे आवाजाची पातळी आज्ञावलीतून ठरवणे सोपे झाले. दुसऱ्या मानकात आवाजाच्या बटणासाठी स्वतंत्र घटकाची तरतूद होती, पण तिचा वापर करण्याचे बंधन उत्पादकांवर नव्हते. २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टात प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा ठेवता येऊ लागला, आणि एकच चाकी सर्व आवाजांवर हुकूमत गाजवते ही जुनी कल्पना सैल झाली. निर्णायक ठरली ती जाडी. मॅकबुक एअर (२००८) व अल्ट्राबुक (२०११) यांच्या पातळ कडांमध्ये चाकीला जागा उरली नाही. २०१२ च्या थिंकपॅड टी४३० वर आवाजाची बटणे होती. पुढील वर्षीच्या टी४४० मध्ये ती एफ१ ते एफ३ या कळांवर गेली. अ‍ॅपलने २०१६ मध्ये काही मॅकबुक प्रो संगणकांवर एफ-कळांच्या जागी स्पर्शपट्टी आणली. २०२१ च्या १४ व १६ इंची प्रतिकृतींवर मात्र खऱ्या कळा परत आल्या.

दमट हवा

चाकीच्या बाजूने बोलताना तिचे दुखणेही सांगायला हवे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सावित्री नदीकाठचे महाड आणि आंबेनळी घाटाच्या पायथ्याचे पोलादपूर येथे पावसाळ्यात हवा सतत दमट राहते. अशा हवेत धूळ व ओल चाकीच्या फटीतून आत शिरते, संपर्क गंजतो आणि चाकी फिरवताना स्पीकर खरखरतो. संपर्क साफ करणाऱ्या फवाऱ्याने ही खरखर बहुधा जाते. पट्टीच झिजली असेल तर भाग बदलावा लागतो. पुराची गोष्ट निराळी. जुलै २०२१ च्या महापुरासारख्या पाण्यात बुडालेल्या लॅपटॉपचा मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. तेथे चाकी आणि कळ यांच्यात डावे-उजवे करण्यात अर्थ नाही.

सुगम्यता

दृष्टिहीन व्यक्ती एनव्हीडीएसारख्या पडदावाचकाच्या साहाय्याने संगणक वापरतात. ई-स्पीक या वाणी-संश्लेषकाद्वारे तो मराठीही वाचतो. मात्र लॅपटॉप मूक झाला असेल तर पडदावाचकही मुका होतो. मूकतेची खूण बहुधा पडद्यावरील चिन्हाने किंवा कळेवरील छोट्या दिव्याने दिली जाते, म्हणजे ज्याला तिची सर्वाधिक गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. आवाजाची कळ कोणती हे कंपनीगणिक बदलते. एफएन कळ सोबत दाबायची की नाही हे यंत्रणेतील निवडीवर अवलंबून असते आणि ती निवड बोटांना कळत नाही. मर्यादित फेऱ्याची जुनी चाकी मात्र चाचपून शेवटपर्यंत फिरवली की तिच्या बाजूने आवाज पूर्ण झाला आहे याची खात्री होई. आता हीच गरज काही अंशी यूएसबीने जोडायच्या, आवाजाची चाकी असलेल्या कळफलकाने भागते. आवाज वाढवण्या-घटवण्याचे आणि मूक करण्याचे संकेत यूएसबीच्या मानकात ठरलेले असल्याने त्याला सहसा वेगळी आज्ञावली लागत नाही.